बद्द

मष्णू हातोडीनं बिडाला टिचकी मारतो.
खणखणलं तर डावीकडं,
बद्द वाजलं तर उजवीकडच्या ढिगात.
आत कुठंतरी केसाएवढी भेग असते,
डोळ्याला दिसत नाही, कानाला कळते.
उद्यमबागेत तीस वर्षं त्याचं हेच काम,
आणि माझं, काचेच्या खोलीत बसून
परदेशाचे ईमेल वाचायचं.

गेल्या सालची पेटी अजून जिन्याखाली आहे.
ऑइल सील, चार हजार नग.
नमुन्याचे दहा आले होते लोण्यासारखे मऊ,
मागनं आले ते दोन महिन्यांत कडक झाले.
वाकवला की पापडाचा आवाज.
कंग्राळकर मालक म्हणाले, शाळेची फी भरली समज.
साडेसहा लाख फी.
कुठल्या शाळेत एवढी घेतात?

यंदा हा लिओ.
दर सगळ्यांपेक्षा चाळीस टक्के खाली.
एवढ्यात नुसतं रबर तरी येतंय काय, मी विचारलं.
बटणावरचं बोट उचलायच्या आत उत्तर:
येस डिअर, नो प्रॉब्लेम.
मग मी मुद्दाम एक ड्रॉइंग पाठवलं,
आतला व्यास बाहेरच्यापेक्षा मोठा.
येस डिअर.

कारखाना दाखव म्हटलं व्हिडिओवर,
तर कॅमेरा बिघडला,
मग सुट्ट्या लागल्या,
मग त्याची मावशी वारली.
फोटो तेवढा आला: पांढरी इमारत, दारात दोन माड.
शोधत गेले तर तेच दोन माड
भलत्याच देशात
मोज्यांच्या फॅक्टरीपुढं उभे.

आणि शुक्रवारी, बँक मिटायच्या टायमाला,
खातं बदललंय.
माल एका देशाचा, नाव दुसऱ्याचं, बँक तिसरीकडं.
आजच्या आज पाठवा, उद्या दर वाढतोय.
ईमेलच्या पत्त्यात एलच्या जागी आकडा एक बसलेला,
काठी तीच, सावली वेगळी.

मालक पेनाचं टोपण काढून बसलेले.
"पाठवूया की गं सुगंधा, दर तर बघ."
मी म्हटलं, मष्णूमामाला बोलवा आधी.

तो आला. हात काळे, चष्मा कपाळावर.
इंग्रजी त्याला गोत्तिल्ला.
मी एकेक ओळ मराठीत सांगत गेले,
तो भिंतीकडं बघत ऐकत राहिला.
"कशालाच न्हाई म्हणाला न्हाई काय ह्यो?"
"नाही."
"मग नको बग.
ओतारी कधीतरी न्हाई म्हणतोयच.
न म्हणणाऱ्यानं वाळूत हातच घातलेला नसतोय."

मालकांनी टोपण लावलं. थोडं जोरातच.

दुसरा एक होता, महिनाभर माझ्याशी भांडणारा.
तुमचं माप चुकलंय.
हे रबर तुमच्या तेलात टिकणार नाही.
तीन आठवड्यांत? जमणार नाही.
तपासायला माणूस पाठवा खुशाल,
त्याच्या जेवणाचं तुम्ही बघा.
खडूस म्हणून मी त्याची फाईल खाली सरकवत होते.
ऑर्डर त्याला गेली.

हे इथंच संपलं असतं,
पण सोमवारी पोलंडहून आम्हालाच ईमेल आला.
पंपाच्या बॉड्या पाहिजेत,
तुमच्या कारखान्याचे फोटो पाठवा.

आमच्या कॅटलॉगच्या तिसऱ्या पानावर
एक भलंमोठं सीएनसी मशीन आहे.
शेजारच्या हुलजींचं.
फोटोच्या दिवशी त्यांनी शटर उघडून दिलं होतं,
आणि पुढं आमचा बोर्ड धरला होता दोघांनी,
वर कन्नड, खाली मराठी.
त्यातली एक मी.

पानावर टिचकी मारून बघितली.
कागद तो. काय वाजणार?
तरी मष्णूनं पलीकडून मान वळवली
असं मला उगीच वाटलं.

मोबाईल घेऊन खाली गेले.
दोन जुनी लेथ, तेलकट फरशी,
दांडीवर वाळत घातलेले हातमोजे.
उजवीकडचा ढीग फोटोत यायला लागला.
येऊ दिला.