भेग जिवंत आहे का

फाईलवर लिहिलंय : इमारत क्रमांक तीन,
भूकंपरोधक मजबुतीकरण व अनुषंगिक दुरुस्ती.
अनुषंगिक म्हणजे गळके नळ, मोडक्या खिडक्या
आणि माणसं.

पुढची इमारत जांभ्याची. दगड चांगला,
पण कोपऱ्यात भिंती एकमेकींना धरत नाहीत,
भांडलेल्या भावकीच्या घरांसारख्या :
पडवीला पडवी लागून, बोलणं नाही.
मागची सिमेंटची, नंतरची.
तिथे हातोडी टेकवली की पोकळ आवाज येतो,
खपली पडते, आणि आत सळई,
भाट्याच्या खाऱ्या वाऱ्याने कुरतडलेली,
बोंबलाच्या काट्याएवढी.

निविदा तीन. सगळ्यात कमी इक्बाल परकारांची.
आधी त्यांचे कागद बघितले, मग त्यांचे हात,
मग सही केली.

रसायनशास्त्र सायकल स्टँडमध्ये.
गणित कँटीनच्या माळ्यावर, भज्यांच्या वासात.
परीक्षा असेल तेव्हा अकरा ते दोन ड्रिल बंद.
आणि पैसे एकतीस मार्चच्या आत संपवायचे.
भूकंपाला आर्थिक वर्ष नसतं
हे मी कुलसचिवांना बोलले नाही.

सगळे हलले. शिरगावकर बाई हलेनात.
सागरी जीवशास्त्र, तळमजला, चारशे बारा बरण्या :
सुरमई, तांबोशी, वागळी,
आणि मिरकरवाड्यातल्या कुणाच्या तरी जाळ्यात आलेला
एक मासा, अजून नाव न मिळालेला.
"तिकडे कोयनेला जमीन कूस बदलते ना,
तेव्हा तुमच्या यंत्राच्या आधी हे हलतात.
मेलेले मासे, वीस वर्षं बघतेय.
क्षणभर पोहतात. मग आठवल्यासारखे थांबतात."

मी नोंदवहीत लिहिलं :
बरण्या. स्थलांतरास वेळ लागेल.

मे महिन्यात ग्रंथालयाचा गिलावा उतरवताना
यल्लप्पाने हाक मारली. "मॅडम, इथे काच हाय."

कपाटामागे, डिस्टेंपरखाली, चुन्याच्या दोन थरांखाली
बोटभर काचेची पट्टी, भेगेवर आडवी,
दोन्ही टोकं प्लास्टरच्या गोळ्यात रुतवलेली.
शेजारी पेन्सिलीने : १४-१-६८. गो. वि. जु.

भिंतीला असंच विचारायचं असतं.
काच चिकटवायची, तारीख घालायची, निघून जायचं.
भेग मेलेली असेल तर काच शाबूत.
जिवंत असेल तर ती मोडते.

मोडली होती.
दोन तुकडे, मधे नखाएवढी फट.

कोणीतरी विचारलं होतं. भिंतीने उत्तर दिलं होतं.
मग त्या उत्तरावर गिलावा, रंग,
कपाट, कपाटात शब्दकोश.

गो. वि. जु. मला पगारपत्रकात सापडले :
जुवळे, ओव्हरसियर, दरमहा दोनशे दहा.
त्यांचा चार पानी अहवालही सापडला. कडेला लाल शाईत :
*पाहिले. पुढील अंदाजपत्रकात.*

परकारांना म्हटलं, एवढा चौकोन सोडून काम करा.
त्यांनी मान हलवली, दर वाढवला नाही.
भेगेत ग्राउट गेलं, भिंतीच्या पोटातून सळया गेल्या,
कोपरे पोलादी पट्ट्यांनी एकमेकांना बांधले.
बरण्यांच्या फळ्यांना काठ आला, आणि आडवी तार.
जुवळ्यांच्या पट्टीशेजारी मी माझी पट्टी चिकटवली,
तारीख घातली,
आद्याक्षरं जरा बारीकच लिहिली.

ऑगस्टात एका रात्री साडेदहाला फोन.
बाई अजून विभागातच होत्या.
"हलले."
"बरण्या?"
"सगळ्या जागेवर."
"आणि काच?"
"थांबा. बघून येते."

मग फोनमध्ये त्यांच्या चपला,
लांब व्हरांडा,
किल्ल्यांचा जुडगा, चुकीची किल्ली,
पुन्हा जुडगा.