दोन ओहम

साडेपाच इंच.
माझ्दाच्या सीटमागे एवढीच जागा,
तीही सीट पुढे ओढून,
गुडघे स्टीअरिंगला टेकवून.
वेंडेलने टेप मिटवून खिशात टाकली.
"अंथरूण एवढं आहे, इसेला.
पाय त्या हिशेबाने पसर."

मला हजार वॉट हवे होते.
ग्लोबच्या हमरस्त्यावरून रात्री पोरांच्या गाड्या जातात
तेव्हा आमच्या खिडक्यांची तावदानं दात वाजवतात,
तसं काहीतरी.
"पस्तीस वर्षांचा पिकअप,
साठ अँपियरचा आल्टरनेटर.
नाकापेक्षा मोती जड होईल."
असं म्हणून त्याने फळीवरून उतरवला
दहा इंची, तव्यासारखा बसका सबवूफर.
आत दोन कॉइल, प्रत्येकी चार ओहम.

डोनटच्या पिशवीवर, तेलाचे डाग चुकवत,
त्याने चित्र काढलं.
एकीमागे एक जोडल्या तर आठ :
अँप्लिफायर पाय ताणून झोपा काढेल.
शेजारी शेजारी जोडल्या तर दोन :
तिथे तो तीनशे वॉट देतो,
आणि ह्याला तीनशेच पचतात.
दोनच्या खाली उतरलीस तर तापेल, गप्प बसेल.
"आणि ऐक, स्पीकर ताकदीने क्वचित मरतात.
दुबळ्या अँपला किंचाळायला लावलं
की जळतात."
एकतीस वर्षं तांब्याच्या खाणीत काढलेला माणूस.
पुढे काही बोलला नाही,
पिशवी माझ्या हातात दिली.

रविवार अंगणात गेला.
बॅटरीपासून लाल वायर,
फायरवॉलच्या रबरी बुचातून आत,
दाराच्या पट्टीखालून मागे.
गालिच्याखाली अपाच्या खोकल्याच्या गोळ्यांचे कागद,
एक वाकडं मेक्सिकन नाणं.
वायर त्यांना वळसा घालून नेली.
मीटर म्हणाला एक पूर्णांक आठ.
वेंडेलने सांगितलंच होतं,
थोडं कमी दिसेल, घाबरू नकोस.
गेन चोवीस व्होल्टवर थांबवला,
स्क्रू ड्रायव्हर नखाएवढासुद्धा पुढे नाही.

मग कॅसेट.
युनियन हॉल, सत्त्याऐंशीचा डिसेंबर.
चोनचा अकॉर्डियन ऐकू येतो,
शिट्ट्या ऐकू येतात, कुणाची तरी खुर्चीसुद्धा पडते,
आणि म्हणे अपा तोलोलोचे वाजवतो आहे,
स्वतःहून उंच, तीन तारांचा.
घरच्या टेपवर तो कधी ऐकू आला नाही.
ह्या गाडीतल्या तळहाताएवढ्या कागदी स्पीकरांवर तर नाहीच.
चेलोमावशी दर नाताळात म्हणायची,
फोटोपुरता उभा केला होता ह्याला.
अपा बिअरची बाटली टेबलावर ठेवून सांगायचा,
सगळी रात्र वाजवली, एक सूर चुकला नाही.

बटण दाबलं.
आधी कमरेला कळलं, कानाला नंतर.
मागच्या खोलीत कुणी बूट घालून चालतंय,
जड माणूस,
घाई नसलेला.
अकॉर्डियन इकडेतिकडे उडतो
आणि हा प्रत्येक वेळी जमिनीवर असतो.

दुसऱ्या गाण्यात, कडव्याच्या वळणावर,
बोट घसरलं.
स्पष्ट. अर्ध्या मात्रेपुरता भलताच सूर,
मग लगेच सावरणं,
टोपी नीट केल्यासारखं.
मी कॅसेट मागे नेली.
पुन्हा तिथेच.
अकरा वेळा तिथेच.

"खोटारड्या," मी म्हणाले,
मोठ्याने, बंद काचांच्या आत,
आणि हेडलाइट त्याच्या प्रत्येक पावलाला
जरा मंद होऊन फाटकावर परत उजळत राहिले.

शेजारी चेलोमावशीने खिडकी उघडली, ओरडायलाच.
नंतर कोपर चौकटीवर टेकून तशीच राहिली.

नंबरप्लेट खडखडते आहे.
उद्या मागे रबर लावीन.