फॉर्ममधला सहावा रकाना

नाव लिहिलं. लांबी : दहा मिनिटं.
स्वानुभवावर आधारित? हो.
मग सहावा रकाना, जॉनर.
बोटभर रुंद. एकच शब्द मावेल.

कॅन्टीनच्या कट्ट्यावर मी पुन्हा पहिल्यापासून सांगते :
बाबा शिलाई मशीन दुरुस्त करायचे, रविवार पेठेत.
घरात चष्मा एकच, दोघांत मिळून.
नंबर बाबांचा. आई त्यातूनच सुईत दोरा ओवायची,
चार-पाचदा थुंकी लावून.
ससूनमध्ये बाबा गेले, सोमवारी पहाटे.
वॉर्डातून पिशवी मिळाली : लुंगी, थर्मास, चष्मा.
पंधरा दिवसांनी आईने सुई घेतली
आणि दोरा पहिल्याच झटक्यात आरपार.
तेव्हा कळलं, हा चष्मा आपला नाही.

फैजान म्हणतो, हॉरर.
आईच्या डोळ्यांतून दुसराच कुणी बघतोय,
क्लोजअप घे, खालून लाइट मार.
पण आई त्या चष्म्यातून तांदूळ निवडत होती
आणि म्हणत होती, अगं बाई,
इतके खडे असायचे रोज?

नाणेकर म्हणते, कॉमेडी. तुझ्या मामाला ठेव.
मामा खरंच म्हणाला होता,
दाजींच्या नाकाला एवढी महाग फ्रेम झेपलीच नसती,
आणि सुतक फिटलेलं घर हसलं होतं,
आधी तोंडाला पदर लावून, मग न लावता.
ते हसणं मला लिहिता येईल.
त्यानंतर पंखा जेवढा वेळ ऐकू येत राहिला
तो वेळ कुठे घालू?

घारपुरे सर चहावर फुंकर मारत : रहस्यपट.
कुणाचा चष्मा, एवढंच विचार. बास.

विचारलं होतं, सर. रजिस्टर बघितलं.
कॉट चौदा, कॉट एकेचाळीस. आकडे तेच, उलटे.
एकेचाळीस नंबर घरी गेला होता. चालत.
पत्ता हडपसर, गाडीतळाच्या मागे, टिळेकर.

पुढचं मी कट्ट्यावर सांगत नाही.

दार त्यानेच उघडलं, बंडीत.
नाकावर बाबांचा चष्मा. उजव्या दांडीला
मशीनचा काळा दोरा गुंडाळलेला,
गाठ बाबांच्या हातची.
कोण गं? जरा जवळ ये, म्हणाला,
ऑपरेशनपासून अंधुकच दिसतं.
होईल म्हणतात सवय.
माझ्या पर्समध्ये रुमालात त्याचं लख्ख दिसणं होतं.
मी म्हणाले, पत्ता चुकला काका.
त्याने पाणी दिलं. भांडं
माझ्या हाताच्या वीतभर डावीकडे धरलं.
मी हात तिकडे नेला.

आई आता ब्लाउजला काजं करते, झरझर.
त्या अंधुकात बाबा अजून कुणाचं तरी तोंड
ओळखायचा प्रयत्न करताहेत, असं मला वाटतं,
आणि वाटतं, हा तर सरळ गुन्हेगारीपट.

काल सरावाला कॅमेरा मिळाला.
व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर झाडं पुसट.
आधीच्या बॅचच्या कुणीतरी ती बारीक चकती
स्वतःच्या नंबरवर फिरवून ठेवलेली.
मी लगेच बदलली नाही.
थोडा वेळ तशीच बघत राहिले :
टेकडीचा उतार, त्यावर काहीतरी पिवळं, हलणारं,
कुत्रं असेल, नाहीतर स्वेटर घातलेला माणूस.

ऑफिसच्या खिडकीत वाघोले बाई शिक्का धरून बसल्यात.
पाचला बंद.
लिही गं काहीही, म्हणतात, नंतर बदलता येतं.
मी पेन्सिल मागते.
पेन्सिल चालत नाही, म्हणतात,
आणि स्वतःचं बॉलपेन सरकवतात,
टोपण चावलेलं.