मूठ

बावीस वर्षं मी पिग्मी गोळा केली,
शहापूर, खडेबाजार, कॅम्प,
रोज पाच-दहा रुपये, सायकलला अडकवलेल्या पिशवीत.
गोळा करायची सवय हाताला लागली
की हात मग नुसत्या पैशांवर थांबत नाही.

पहिली मिळाली कॅम्पातल्या क्लेमेंतीनबाईंकडे.
नवरा जहाजावर खानसामा, कधीचा वारलेला.
खातं बंद करायच्या दिवशी म्हणाल्या,
कपाटामागं एक मोरो तलवार आहे, घेऊन जा.
भीती नाही वाटत आता तिची,
पण झाडताना केरसुणी अडते.

नागवेलीचं पान ओढून लांब करावं तसं पातं.
मुठीला चांदीची कड, दोऱ्याची घट्ट वीण,
आणि टोकाला पक्ष्याचं डोकं,
तुरा मागं झुकलेला,
चोच तुटलेली.

ठाण्यात नोंद करायला गेलो.
हवालदाराचं आडनाव तळवार, त्याला मी काय करू.
"कुठली?"
म्हटलं, मोरो.
"मूरु?" त्यांनी कागदावर तीनचा आकडा काढला.
"इल्लि ओंदे इदे. बाकीच्या दोन कुठं आहेत?"

घरी इंदुमतीला मोर ऐकू आला.
म्हणाली, मोराची चोच कुणी मोडली?

आणि त्या लोकांनी तरी
कुठं स्वतः ठेवलं होतं हे नाव.
गलबतावरून उतरलेल्या कुणी हाक मारली, ती चिकटली.
आमच्या गावाच्या नावाची पाटी
बदलून रंगवताना मी पाहिली आहे.
गप्प राहिलो. तीनचा एक करून घेतला.

गोकाकला यल्लोजी जिनगर
लाकडाचे पेरू करतात, सीताफळं, केळ्यांचा घड,
आणि पोपट.
त्यांनी मूठ नाकाशी नेली. पात्याकडं बघितलंही नाही.
"ह्यो कुठला पक्षी?"
"काकाकुवा."
"बघितलाय काय तुम्ही?"
"नाही."
"मी बी नाही."
मग अंगठा एका जागी नेऊन ठेवला,
जिथं लाकूड झिजून खोलगट झालं होतं.
"हितं कोण तरी रोज धरत होता. डावरा गडी.
हे मी घासणार नाही. सांगू नका मला."

आठवड्यानं गेलो.
पडवीत चिंचोक्याच्या खळीचा वास.
चोच बसली होती, जोड बोटाला लागत नव्हता.
पण चोच पोपटाची.
जत्रेत चार आण्याला मिळायचा त्या पोपटाची,
किंचित हसरी.
"हाताला तेवढीच ठावी," म्हणाले यल्लोजी,
आणि चोचीचे पैसे धरले नाहीत, फक्त लाकडाचे.

पुण्याच्या एका जाणकारानं फोटो बघून कळवलं,
किंमत गेली.
असेल.

आता भिंतीवर सात आहेत.
पाहुणे नागमोडी पात्याच्या कालिसपाशी थांबतात,
वळणं मोजतात, चुकतात, पुन्हा मोजतात.
रविवारी लवंगेचं तेल लावताना
ही मी शेवटी घेतो.
उजव्या हातात ती परकी राहते,
अंगठा खळग्याच्या बाहेर, उंबऱ्यावर उभा असल्यासारखा.
डाव्या हातात घेतली की नेमका आत बसतो,
कुणीतरी जागा धरून ठेवावी तसा.
आणि मी घाईनं तिला खिळ्याला अडकवतो,
कारण डाव्या हातानं मी आजवर
फक्त सायकलची घंटी वाजवली आहे.