वीस मिनिटांची गावं

आई रेल्वेच्या डब्यात अटेंडंट होती.
उलान-उदे ते मॉस्को, मॉस्को ते उलान-उदे,
सात नंबरचा डबा, एक सामोवार, छत्तीस बर्थ
आणि प्रत्येक फेरीनंतर चादरींची मोजदाद.
एक कमी भरली तर पगारातून वजा.
त्यामुळे असेल,
कुठलंही कापड हातात आलं की
आधी ती ते वितीनं मोजते.

तीस वर्षं फिरली. पाहिलं काय?
फलाट.
"गावं मी वीस वीस मिनिटांची पाहिली," म्हणते,
"त्यापुढे गाव कसं असतं
ते तिथे उतरणाऱ्यांना विचार."

मला बाहुली हवी असायची, ती चिंधी आणायची.
बाराबिन्स्कच्या मासेवालीचा ॲप्रन,
चहाच्या दोन पुड्यांच्या बदल्यात;
मी नाकाशी धरून धुराचा वास घ्यायचे
आणि रुसायचे.
एकोणीस नंबरच्या बर्थवर राहून गेलेला
अस्वलांच्या चित्रांचा अभ्रा,
जो तिनं कुणी मागेल म्हणून
दोन फेऱ्या सोबत नेला, आणला.
तैशेतला उतरणाऱ्या शिपायानं
संडासात कपडे बदलून
तिथेच टाकलेला सदरा.
आणि तो काळा रुमाल:
इलान्स्कायाच्या अलीकडे एका बाईनं
खिडकीतून भिरकावला होता,
वाऱ्यानं तो परत आणून
आमच्याच डब्याच्या दांडीला गुंडाळला.
"तिला द्यायला गेले," आई सांगते,
"तर तिनं तोंड फिरवलं.
मग काय करणार? ठेवला."

आता बाहेर उणे पस्तीस,
स्वयंपाकघरात दिवा, टेबलावर ढीग.
तिला सुईचं नेढं दिसत नाही.
मी दोरा ओवून देते. तेवढंच माझं काम.
हातातलं घड्याळ अजून मॉस्कोचंच,
पाच तास मागे;
जेवायला हाक मारली की आधी घड्याळ बघते
आणि म्हणते, इतक्यात?

तिचा धावदोरा एकसारखा नाही.
चार टाके बारीक, पाचवा लांब,
रुळाच्या सांध्यावर चाक आदळावं तसा.
मी उसवू का म्हटलं
तर हात झटकला.

शेजारची सेसेग्मा येऊन बसली, उलटंपालटं केलं,
"सगळी सायबेरिया लावलीस दुल्मा,
आपल्या गावचं ठिगळ कुठाय?"
आई दोरा दातानं तोडत म्हणाली,
"इथून काही आणायचं सुचलंच नाही.
इथे तर मी यायचे."

मार्चमध्ये गोधडी पुरी झाली.
मोठ्या पलंगावर पसरली
तर दोन्हीकडे हात हात गादी उघडी.
मी चिडले. इतकं मोजणारी बाई तू!
तिनं टेप आणला, गुडघ्यांवर बसून लावला:
रुंदी पासष्ट, लांबी एकशे ऐंशी.
मग आपल्या हातांकडे पाहत राहिली,
तिकीट नसलेल्या उतारूकडे पाहावं तशी.

मी कपाटातून माझा शाळेचा फ्रॉक काढला,
तपकिरी, कोपराला विटलेला.
म्हटलं, कडेला पट्ट्या जोडू.
तिनं तो वितीनं मोजला. वास घेतला.
"हा कुठला?"
"इथलाच."
"मी नाही पाहिला."
"तू फेरीवर असायचीस."
ती काही बोलली नाही.
सामोवारात पाणी होतं, तरी उठून
पुन्हा भरायला गेली.

रात्री दोनदा सुई मागायला आली,
म्हणजे ओवलेली.
सकाळी पाहते तर पट्टी जोडलेली,
टाके यावेळी सगळे बारीक,
पण एकाच बाजूला.

अर्धा फ्रॉक घडी घालून
माझ्या उशाशी ठेवलेला.

दुसरी बाजू? विचारलं मी.
"तिकडे भिंत असते," आई म्हणाली.