सगुणा दडमल, मुक्काम पोस्ट येनोली

पत्र पुण्याहून होतं. निळी शाई,
म्हाताऱ्या माणसाचा हात, ओळी उजवीकडे चढत गेलेल्या.
सगुणा दडमल, मु. पो. येनोली.
आणि खाली बारीक अक्षरात : (सिनेमातल्या).

येनोलीत दडमलांची सतरा घरं.
सगुणा दोन.
एक माझ्या जन्माआधीच गेली.
दुसरी तिकडे दक्षिणेत, बारमाही ओल्या रानात
झाडांवरची जनावरं मोजते.
मेलेल्या माणसाचं टपाल परत पाठवायचं, असा नियम आहे.
मी वरून नवा पत्ता घातला, दक्षिणेचा.
चूक होती. मुद्दाम केली.

पहिलीबद्दल मी ऐकलं ते एवढंच :
दंडारीत बायांची सोंगं गडीमाणसं घ्यायची तेव्हा
ही पडद्यामागे त्यांना लुगडं नेसवून द्यायची.
एका रात्री म्हणाली, हे त मले बी येते,
आणि नागभीडहून छोट्या गाडीत बसली.
सिनेमात ती नायिका नव्हती, नायिकेची आईसुद्धा नव्हती.
दाई. मोलकरीण. विहिरीवरची भांडखोर.
कंदील धरून दार उघडायची,
"बाईसाहेब घरी नाहीत" म्हणायची,
दार लागायचं.
पाट्यांवर कधी सुगुणा, कधी एस. बाई,
बहुतेकदा "आणि इतर".
परत आली तेव्हा लग्नाच्या पंगतीत
तिची पत्रावळ शेवटी पडली.

दुसरी माझ्या वर्गातली.
मोह वेचायला जायची आणि
खाली बघायचं सोडून वर बघत बसायची.
टोपलं रिकामं, मार ठरलेला.
तिची आई अजून विचारते,
"मसन्याऊदासाठी इतकी लांब काहून गेली बाप्पा?
आपल्या मसनवटीत काय कमी हायेत?"
सगुणा फोनवर सांगते, आई, तो मढी उकरत नाही.
फळं खातो. बिया दूर दूर टाकतो.
आई हूं म्हणते. पटत काही नाही.

दीड महिन्यानं तिचं उत्तर आलं,
पुण्याचं पाकीट, सोबत मला एक प्रत :

आजोबा, त्या मी नव्हे.
पण तुमचं शोधणं मला समजतं.
मी झाडांना कॅमेरे बांधते, पुढून कुणी गेलं की
फोटो आपोआप निघतो.
तीन वर्षांत एक जनावर मला चार वेळा मिळालं,
दर वेळी कडेला, अर्धं, शेपूट चौकटीबाहेर.
त्या चारांवर मी लिहिते, की ते इथे राहतं.
तुमच्याकडे त्यांचे किती सेकंद आहेत?

पुण्याहून कार्ड आलं. एकच ओळ.
"अकरा. त्यातले दोन पाठमोरे."
पत्ता पुन्हा तोच, सगुणा दडमल, येनोली.
या वेळी कंस नव्हता.

मी शिक्का मारला, तारीख नीट उठली नाही.
कार्ड अजून माझ्याच खणात आहे,
कोणत्या गठ्ठ्यात टाकावं ते ठरत नाही.

काल रात्री कौलांवर काही चाललं.
बॅटरी मारली.
दोन डोळे लागले, क्षणभर थांबले,
मग नुसतीच कौलं.
आतून बायको म्हणाली, कोन हाय?
म्हटलं, सांगता येत नाही.
कडेनं गेलं.