रकाना सात

प्रणितानं लाइट बिलाच्या पाठीवर यादी केली:
बुद्धिबळ, अबॅकस, कराटे, स्केटिंग, गाणं.
प्रत्येकापुढं फी,
गाण्यापुढं एक फुली, खोडलेली, परत काढलेली.
"सहा पूर्ण झाली. अजून हिला कशातच घातली नाही,"
असं म्हणाली,
जशी आमची पेरणीच हुकली.

मी तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मापाडी.
गोणीला हात लावला की आकडा
काट्याच्या आधी मनगटाला कळतो.
शनिवारी खाडा करून
लेकीचं बोट धरून कोपरखैरण्यात फिरलो,
तेव्हा मनगट गप्प.

बुद्धिबळाच्या सरांनी पट मांडला.
तिनं वजिराला घोड्यावर बसवून पाहिलं,
मग उंटाला विचारलं,
"तिरका चालतोस, पाय दुखतो का?"
सर म्हणाले, कल्पनाशक्ती आहे.
नाही म्हणायची ती रीत असावी.

नाव स्वरांजली, म्हणून गाण्याच्या बाई आधीच खूश.
"सा लाव, बाळा."
बाळानं लावला.
बाईंनी पेटीचा भाता हळूच मिटला
आणि मला पाणी विचारलं.

स्केटिंगवाला पोरगा म्हणाला, उशीरच केलात तसा,
आमच्याकडं साडेतीन वर्षांपासून येतात.
त्याच्यामागं हेल्मेटं गोल गोल फिरत होती,
एकाचंही तोंड दिसत नव्हतं.

कराटेचा ड्रेस चौदाशे. पट्टा वेगळा.

अबॅकसच्या दारात वरच्या मजल्यावरचा हर्षल भेटला,
हवेत बोटं हलवत.
"काय मोजतोस रे?"
"काही नाही काका. थांबतच नाहीत आता."
आम्ही चपला काढल्याच नाहीत.

परतताना मैदान लागलं.
उद्याच्या कबड्डीसाठी घणसोलीचे भोईर
फक्की मारत होते.
बोट माझ्या मुठीतून कधी निसटलं, कळलं नाही.
भोईरांनी तळाला भोकं पाडलेला डबा
तिच्या हातात दिला.
"मागं मागं चाल. पुढं बघशील त रेघ वाकडी."
ती चालली. जीभ दातांत,
सुतळीवर डोळे,
मध्यरेषा, बोनस, निदानरेषा,
एरवी जिन्यात चार वेळा पडणारी.

मी विचारलं, "किती दिवसांत येतं हे?"
खरं तर फीच विचारणार होतो.
"यात शिकाचा काय?
उद्या पोरांच्या पायाखाली जातंय सगला."
ती म्हणाली, "मग परवा परत काढायची?"
परवा सोमवार.
सोमवारबद्दल इतक्या आनंदानं
मी तरी कधी बोललो नव्हतो.

रात्री छंदवर्गाचा फॉर्म घेऊन बसलो.
जन्मतारीख. रक्तगट: बी पॉझिटिव्ह.
ॲलर्जी: धूळ, थोडी.
तातडीच्या वेळी कुणाला कळवावं: मलाच.
सगळं पाठ होतं.
रकाना सात: पाल्याची आवड.
पेन टेकून राहिलं, शाईचा ठिपका वाढत गेला.
तिच्या वयात मला कुणी विचारलं असतं
तर काय सांगितलं असतं,
तेही आठवेना.

"फक्की लिहिणार आहेस का तिथं?" प्रणिता म्हणाली.
हसली नाही.

तेवढ्यात आत डबा वाजला.
गव्हाच्या पिठाची रेघ, चाळणीतून पाडलेली,
ओट्यापासून निघून, सिलिंडरला वळसा घालून,
कॉटच्या पायापर्यंत,
आणि रेघेच्या टोकाला ती,
पाठ भिंतीला टेकलेली,
कारण मागं जायला आता खोलीच उरली नव्हती.

प्रणिता झाडू आणायला धावली.
धावताना रेघेवर पाय दिला नाही,
बाजूनं गेली.

मी वाकून पाहिलं.
पाव किलो. जरा वरच.
माझा अंदाज सहसा चुकत नाही.